कालवायचे कोणी?

२०११ साली अमेरिकेत ‘टॉप शेफ मास्टर्स’ या दूरचित्रवाणीवरच्या पाकस्पर्धेत अंतिम फेरीच्या विजेत्याने परीक्षकांपुढे उपमा ठेवला होता. रवा आपलाच, सोबत परतलेली रानअळंबी. तिथल्यांना ओळखीचे वाटावे म्हणून नावात ‘पोलेंटा’ हा इटलीतल्या मक्याच्या खिमटीचा शब्द जोडलेला. हे विजेते म्हणजे फ्लॉइड कार्डोझ. जन्म मुंबईचा, १९६० चा, घराणे गोव्याचे. बक्षिसाचे १ लाख डॉलर त्यांनी कर्करोगावरच्या संशोधनाला दिले.

ज्या घरांत उप्पीट म्हणजे ‘आज दुसरे काही सुचले नाही’ याची कबुली, त्या घरांतून आलेल्या माझ्यासारख्याला या बातमीची गंमत वाटणे साहजिक होते. पण गंमत ओसरल्यावर एक प्रश्न उरला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत न्यूयॉर्क, लंडन, बँकॉक, दिल्ली आणि मुंबईत ‘मॉडर्न इंडियन’ किंवा ‘फ्यूजन’ म्हणवणारी महागडी उपाहारगृहे निघाली. तिथे नऊ, बारा, क्वचित पंचवीस छोट्या प्लेट एकामागून एक येतात आणि प्रत्येकीबरोबर तिची गोष्ट सांगितली जाते. या जेवणात नेमके नवे काय आहे?

सामग्रीची सरमिसळ, असे उत्तर सहसा दिले जाते. ते मला पटत नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, पेरू, अननस हे सगळे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले. पाव त्यांचाच. ‘विंदालू’ हे नावही त्यांच्या व्हिनेगर-लसणीच्या मांसाच्या पदार्थाचे. आणि खरे फ्यूजन पाहायचे तर आषाढी एकादशीचे ताट पाहावे. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची : खिचडीतले चारही मुख्य जिन्नस मूळचे अटलांटिकपलीकडचे. आपण तिला उपासाचे सोवळे पद देऊन टाकले आणि मोकळे झालो. निव्या चीजचा नान (दिल्लीच्या ‘इंडियन अ‍ॅक्सेंट’ने तो प्रसिद्ध केला) हा त्यामानाने फार लहान धाडसाचा पदार्थ आहे.

नवेपणा मला दुसरीकडे दिसतो, आणि त्यासाठी मराठीतला एक साधा शब्द उपयोगी पडतो : कालवण. किनाऱ्यावर तो माशाच्या रश्शाला लावतात, घाटावर मटणाच्या किंवा आमटीच्याही. पण त्याच्या पोटात क्रियापद आहे. जे भातात किंवा भाकरीत कालवायचे ते कालवण. म्हणजे पदार्थाचे नावच सांगते की तो अजून पुरा झालेला नाही. पुरा होणार तो जेवणाऱ्याच्या बोटांत. ‘तोंडी लावणे’ हाही तसाच शब्द. रांधणाऱ्याने पदार्थ करायचे आणि जेवणाऱ्याने त्यांचा घास करायचा, अशी ही वाटणी आहे.

आपले वाढलेले पान या वाटणीवरच उभे आहे. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे; उजवीकडे भाज्या आणि आमटी; मधे भाताची मूद. डावी बाजू थोडी आणि तीव्र, उजवी बाजू भरपूर. चटणीचे बोट कोणत्या घासाला लावायचे, लिंबू कधी पिळायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एकाच पंगतीत शेजारी बसलेली दोन माणसे त्याच पदार्थांतून दोन निराळी जेवणे जेवून उठतात. याचा अर्थ आपल्याकडे क्रम नव्हता असा नाही. आधी गोड, मधे आंबट-खारट आणि शेवटी उरलेले रस, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आपल्या सणाच्या जेवणातही पहिला वरणभात, मग पोळी-पुरी, मसालेभात, पक्वान्नाचा आग्रह आणि अखेरीस ताकभात किंवा दहीभात, अशी चाल आहेच. पण आधीचे उचलून नेत नाहीत. ताकभाताच्या वेळी लोणच्याची फोड जागेवरच असते.

हे फक्त आपलेच वैशिष्ट्य मानले जाते, त्यात थोडी आत्मप्रौढी आहे. अठराव्या शतकातल्या फ्रेंच मेजवानीतसुद्धा डझनावारी पदार्थ एकदम टेबलावर मांडत आणि पाहुणे हाताला येईल ते घेत. एकामागून एक पदार्थ नोकरांनी फिरवायचे ही रीत ‘रशियन’ म्हणून ओळखली गेली. ती पॅरिसमध्ये आणण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे रशियाचे वकील प्रिन्स कुराकिन यांना देतात. ती तिथे रुजायला काही दशके गेली. पुढची पायरी त्याहून मोठी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्र्वाग्रो बंधूंसारख्या फ्रेंच आचाऱ्यांनी पदार्थ वाढप्याच्या हाती न सोपवता स्वयंपाकघरातच प्रत्येकाची प्लेट सजवून बाहेर पाठवायला सुरुवात केली. १९७३ मध्ये गो आणि मियो या समीक्षकांनी या पाकशैलीच्या दहा आज्ञाच छापल्या. तेव्हापासून ताटात काय कशाला लागेल हे आचारी ठरवू लागला. चित्राची चौकट असावी तशी प्लेट झाली, आणि आचाऱ्याची तिच्यावर सही आली.

भारतीय जेवण या चौकटीत बराच काळ गेले नाही. लंडनमध्ये १८१० साली पाटण्याच्या शेख दीन महोमेद यांनी ‘हिंदुस्थानी कॉफी हाउस’ काढले, हुक्क्यासह. दोन वर्षांत त्यांचे दिवाळे वाजले आणि पुढे ब्रायटनला चंपीच्या धंद्यात त्यांनी नाव कमावले. १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर एडवर्ड पामर यांनी ‘वीरास्वामी’ सुरू केले, ते आजही चालू आहे. नंतर सिल्हेटकडच्या बंगाल्यांनी ब्रिटनभर करी हाउस काढली. या सगळ्या ठिकाणी पदार्थ वाडग्यांतून टेबलाच्या मध्यभागी येत. कालवायचे काम गिऱ्हाइकाचेच राहिले, मग हातात काटा का असेना.

१९८२ च्या अखेरीस ताज समूहाने लंडनमध्ये ‘बॉम्बे ब्रॅसरी’ उघडले. त्यामागे कॅमेलिया पंजाबी यांची दृष्टी होती. पंजाबी तंदूर आणि मोगलाई ग्रेव्ही यापलीकडे भारतात स्वयंपाक आहे, हे त्यांनी लंडनला दाखवले : पारशी, गोवेकर, आणि चक्क मुंबईची भेळ. चौपाटीवर वर्तमानपत्राच्या पुडीत मिळणारा पदार्थ साउथ केन्सिंग्टनमध्ये चिनी मातीच्या भांड्यात गेला. भेळ मुळातच गाडीवाला कालवून देतो, त्यामुळे तिच्या बाबतीत कोणाचाच अधिकार गेला नाही, ही त्यातली गंमत.

खरा बदल पुढच्या पिढीने केला. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकात डॅनी मेयर यांच्या भागीदारीत कार्डोझ यांचे ‘तबला’ सुरू झाले. कार्डोझ यांनी जीवरसायनाचे शिक्षण घेतले होते, मग हॉटेलचे. मुंबईनंतर स्वित्झर्लंडला शिकून ते न्यूयॉर्कमध्ये ग्रे कुंझ यांच्या ‘लेस्पिनास’मध्ये राबले होते. फ्रेंच शिस्त आणि आशियाई मसाले एकाच ओट्यावर कसे नांदतात, ते त्यांनी तिथे पाहिले. ‘तबला’ दोन मजल्यांवर होते आणि मला ती रचना फार बोलकी वाटते. वरच्या मजल्यावर प्लेट सजवून येत : गोव्याच्या मसाल्यातली खेकड्याची टिक्की, तिच्याबरोबर पापड. खालच्या ‘ब्रेड बार’मध्ये तंदूरची भट्टी, रोट्या आणि घरच्यासारखे मधे ठेवून वाटून खायचे जेवण. एकाच जिन्यावर दोन्ही पद्धती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रूथ रायकल यांनी ‘तबला’ला तीन तारे दिले. २०१० च्या डिसेंबरात ते बंद झाले.

लंडनमध्ये २००१ साली विनीत भाटिया आणि अतुल कोचर यांना मिशेलिनचा तारा मिळाला. भारतीय आचाऱ्यांना मिळालेले हे पहिले तारे. दोघेही ओबेरॉय हॉटेलांत तयार झालेले. भाटियांचा चॉकलेटचा समोसा गाजला. मला स्वतःला त्यात चतुराईपलीकडे फारसे काही सापडलेले नाही. करंजीत काय भरायचे याबद्दल आपण कधीच फार कडक नव्हतो.

देशात मात्र पंचतारांकित हॉटेलांनी वेगळी वाट धरली होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या मौर्य हॉटेलात ‘बुखारा’ निघाले, ते गिऱ्हाइकाला सुरी-काटा देत नाही. गळ्यात अ‍ॅप्रन बांधायचा आणि हाताने खायचे. परदेशी राष्ट्राध्यक्षही तसेच जेवले. श्रीमंती आणि प्लेटची सजावट एकमेकींना बांधलेल्या नाहीत, याचा हा चांगला दाखला. २००९ मध्ये ‘इंडियन अ‍ॅक्सेंट’मध्ये मनीष मेहरोत्रा यांनी प्लेटची भाषा आपल्या स्वयंपाकाला सफाईने बोलायला लावली. २०१३ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मसाला लायब्ररी’ आले. तिथे जिलबीच्या पिठाचे बारीक मोती ‘जिलबी कॅव्हिआर’ म्हणून मिळू लागले. आपल्याकडे झाऱ्यातून पाडलेल्या मोत्यांना बुंदी म्हणतात, पण असो. बँकॉकमध्ये कोलकात्याच्या गगन आनंद यांनी २०१० पासून या सगळ्याला वाकुल्या दाखवल्या. मेनूकार्डावर शब्दांऐवजी इमोजी, बहुतेक पदार्थ बोटांनी खायचे, आणि एक तर सरळ प्लेट चाटून. चाटण हा प्रकार आपल्या वैद्यांनाही नवा नव्हता. पण त्यांच्याकडेही घास आधीच बांधलेला असे. हात परत मिळाला, कालवणे मिळाले नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की लेखकाला पंगतीचा उमाळा आला आहे. म्हणून पंगतीची दुसरी बाजू सांगायला हवी. कोण कोणाशेजारी बसणार, कोणी केलेले कोण खाणार, आणि कोणाला उंबऱ्याबाहेरच थांबावे लागणार, हे त्याच पंगतीने ठरवले. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने टिळक, रानडे यांच्यासह शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप तोंडाला लावला. उपस्थितांची नावे छापून आली आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते झाली. एका बिस्किटाची ही किंमत होती. हॉटेलातल्या परक्या हाताच्या, परक्या शेजाऱ्याच्या जेवणाने या व्यवस्थेला जो तडा दिला त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. प्लेट एकट्यापुरती येते, ती कोणाचा विटाळ मानत नाही.

पण ती बिल मानते. आणि मुंबईत हे बिल कोणत्या जमिनीवर फाटते हे पाहणे भाग आहे. २०१५ मध्ये कार्डोझ, समीर सेठ आणि यश भानगे यांनी लोअर परळच्या कमला मिल आवारात ‘बॉम्बे कँटीन’ सुरू केले. शेफ थॉमस झकारिया यांनी देशभर हिंडून स्थानिक भाज्या, धान्ये, रीती जमवल्या. ज्वारी-बार्लीचे सॅलड तिथल्या कार्डावर आले, आणि डोनटच्या आकाराचे, रममध्ये मुरवलेले गुलाबजामही. हे काम मनापासून झालेले आहे आणि त्याने मुंबईच्या पैसेवाल्या तरुणांना भोपळ्याच्या फुलांपासून ज्वारीपर्यंत बऱ्याच गोष्टी पुन्हा खायला लावल्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘कँटीन’ या नावापाशी मात्र मी दर वेळी अडखळतो.

कारण गिरणगावात जेवणाची स्वतःची संस्था होती. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि महिनेवारी खानावळीत जेवत. ही खानावळ बहुतेकदा एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात चाले. पहिल्या पाळीच्या माणसासाठी पहाटे भाकऱ्या, रात्रपाळीच्या माणसासाठी झाकून ठेवलेले कालवण, पगार होईपर्यंत उधारी. किराणा सावकाराच्या व्याजावर आणायचा. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांच्या श्रमाला पहिल्यांदा हिशेबात जागा मिळाली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माणसे गावी गेली, उधारी बुडाली. लंडनमध्ये मुंबईच्या नावाचे ‘ब्रॅसरी’ उघडले तेही याच वर्षी. दोन घटनांचा कार्यकारण संबंध नाही. पण मुंबईच्या जेवणाचा इतिहास लिहिताना दोन्ही एका पानावर याव्यात असे मला वाटते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करायची वाट काढली, २००१ च्या दुरुस्तीने तिच्यातला सार्वजनिक वाटा आक्रसला, आणि जिथे भोंगा वाजे तिथे टेबल राखून ठेवण्याचे फोन वाजू लागले.

‘प्लेट’ हा शब्द मुंबईच्या कष्टकऱ्याने फार आधी आपलासा केला होता, हेही इथेच नोंदवतो. राइस प्लेट. दोन चपात्या, भात, डाळ, एक भाजी, पापड. त्या प्लेटमध्ये कालवायला जागा होती.

कार्डोझ २०२० च्या मार्चच्या आरंभी मुंबईत होते. ‘बॉम्बे कँटीन’ला पाच वर्षे झाली होती आणि त्यांचे मिठाईचे दुकान भायखळ्याला सुरू होत होते. अमेरिकेला परतल्यावर २५ मार्चला कोविडने त्यांचे निधन झाले. त्यानंतर या प्रकारच्या स्वयंपाकाची घोडदौड थांबलेली नाही. २०२५ च्या मे महिन्यात दुबईच्या ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला मिशेलिनचे तीन तारे मिळाले, भारतीय उपाहारगृहाला तो मान प्रथमच मिळाला.

या लेखाच्या निमित्ताने मी मुंबईतल्या अशाच एका ठिकाणी नऊ प्लेटचे जेवण जेवलो. ओटा उघडा होता. आत दहा-बारा तरुण चिमट्याने कोथिंबिरीचे एकेक पान ठेवत होते, आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते. पहिली आली ती अंगठ्याच्या पेराएवढी भाकरी, वर ठेचा घोटलेले लोणी. ठेच्याचा ठसका काढून टाकलेला होता; मग उरतो तो नुसता हिरवा रंग. पण तिसरी प्लेट अशी होती की मी काही क्षण टिपणे काढायचे विसरलो. कच्च्या सुरमईचे पातळ काप आणि त्यांवर गोठवून किसलेली सोलकढी. ती जिभेवर विरघळत जाते, आधी नारळ, मग लसूण, आणि मासा गिळल्यावर मागून कोकमाचा आंबटपणा येतो. सोलकढी आपण इतकी वर्षे जेवणाच्या शेवटी पीत आलो आणि तिच्यात हा क्रम दडलेला आहे हे कधी जाणवले नव्हते. हे कोणाच्या बोटांनी कालवून साधले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. बोंबलाचा काटा काढून कैरीच्या गरावर ठेवलेली प्लेटही उत्तम. उलट पिठल्याचा फेस केला होता, त्यात पिठले कुठेच नव्हते. पिठल्याला वजन लागते.

वाढणारा मुलगा साताऱ्याकडचा निघाला. सोलकढी म्हणजे काय हे त्याने मला आधी इंग्रजीत समजावून सांगितले, मग माझ्या तोंडून मराठी ऐकून हसला. आठवी प्लेट दहीभाताची होती. उभ्या काचेच्या पेल्यात थर लावलेले : तळाशी भात, वर दही, त्यावर डाळिंबाचे दाणे, तळलेला कढीलिंब, आणि फोडणीचे तूप एका छोट्या कुपीत वेगळे. ‘सगळे खालपासून एकत्र कालवा आणि मग खा,’ तो म्हणाला. चमचा लांब दांड्याचा आणि अरुंद होता, पण जमले. भात चांगला शिजलेला, दही गोड. आणखी थोडा मिळेल का, असे मी विचारले. तो अडखळला, आत जाऊन आला. सगळे मापून काढलेले असते म्हणाला, आणि पेला उचलून त्याने नववी प्लेट मांडली. पुरणपोळीचे आइस्क्रीम.